दलालाची परीक्षा : कापूसपेठेपासून शोधयंत्रापर्यंत

मराठींत 'दलाल' या शब्दास आज जो कलंक चिकटला आहे तो त्याच्या जन्माबरोबर आलेला नाहीं. अरबी भाषेंतील ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ 'वाट दाखविणें' असा आहे; आणि युक्तिवाद किंवा पुरावा या अर्थीं आपण जो 'दलील' शब्द वापरतों तें याच धातूचें दुसरें अपत्य होय. वस्तू शोधणाऱ्यास वस्तूकडे नेणारा तो दलाल, आणि बुद्धीस निर्णयाकडे नेणारी ती दलील. हीं भावंडें एके घरीं नांदत होतीं तोंपर्यंत दलालास कोणी नांवें ठेवलीं नसावींत. दलालानें दलील देण्याचें सोडलें आणि "माझ्यावर भरंवसा ठेवा" एवढेंच तो सांगूं लागला, तेव्हांपासून त्याची पत गेली.

हा शब्द आज मुद्दाम आठवण्याचें कारण असें कीं, दलालांचा एक अगदीं नवा वर्ग गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शहरांत उदयास आला आहे. टॉवेलचा कारखानदार असो, चादरींचा घाऊक व्यापारी असो, कीं शेंगांच्या चटणीच्या पुड्या बांधून परगांवीं पाठविणारी एकादी उद्योगी गृहिणी असो, ज्यानें म्हणून इंटरनेटवर आपल्या दुकानाचें संकेतस्थळ उघडलें त्यास अशा मंडळींचे दूरध्वनी येऊं लागतात. बोलणारा मोठा आर्जवी असतो. "तुमचें संकेतस्थळ गूगलवर दिसतच नाहीं, आम्ही तें तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकावर आणून देतों, अगदीं खात्रीनें," असें तो म्हणतो, आणि लगेच महिन्याचा आंकडा सांगतो. या व्यवसायास 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' असें लांबलचक नांव असून व्यवहारांत त्याचें 'एस.ई.ओ.' असें आटोपशीर रूप झालें आहे. शोधयंत्रास आपलें पान नीट वाचतां यावें, त्यांतील मजकूर समजावा आणि योग्य गिऱ्हाइकासमोर तें यावें अशी त्याची रचना करून देणें, हें या व्यवसायाचें खरें काम. आणि तें उपयोगाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु हें काम खरोखर करणारा कोण आणि नुसता आंकडा सांगणारा कोण, हें ज्यास यंत्राची ओळख नाहीं अशा व्यापाऱ्यानें कसें ओळखावें? प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. आमच्या पणजोबांस तो कापसाच्या पेठेंत पडला होता, आजोबांस वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या बाबतींत पडला होता, आणि दोन्ही वेळां समाजानें त्याचें कांहीं ना कांहीं उत्तर शोधून काढलें. तीं उत्तरें आज कितपत उपयोगी पडतात हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

१८६० सालीं आगगाडी सोलापुरापर्यंत आली. १८६३ सालीं भोर घाटाचा चढ खुला झाला आणि मुंबई बंदरापर्यंतचा मार्ग अखंड झाला. नेमक्या याच वेळीं, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता. काळ्या जमिनींतील कापसास जो भाव कधीं स्वप्नांतहि आला नव्हता तो आला, आणि भावाबरोबर लबाडीहि आली. रुईंत सरकी मिसळावी, पाणी मारून वजन वाढवावें, गासडीच्या पोटांत माती व हलका माल भरून वरून चार बोटें उत्तम कापसाचा थर द्यावा, असे प्रकार सर्रास चालत. या लबाडीविरुद्ध १८२९ सालींच एक नियम झालेला होता. तो पुरेना म्हणून मुंबई सरकारनें १८६३ सालीं स्वतंत्र कायदा केला. कापूस दाबण्याच्या कारखान्यांस परवाने, गासड्यांवर खुणा, आणि वर तपासनीस अशी त्याची योजना होती. पुढें खुद्द व्यापारी मंडळींसच तो जाचक वाटूं लागला आणि अखेर तो रद्द झाला. या कायद्याच्या यशापयशाची चर्चा येथें करण्याचें कारण नाहीं. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, गासडी फोडल्यावांचून आंतलें दिसत नाहीं, आणि ती फोडली जाते ती लिव्हरपूलपलीकडच्या गिरणींत. तोंपर्यंत पैसे देऊन घेऊन मंडळी मोकळीं झालेलीं असतात. खरेदी आणि परीक्षा यांमध्यें जो काळ जातो तोच लबाडाचा मोकळा काळ. शोधयंत्राच्या कामांतहि हा काळ मोठा असतो. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक टिपणांतच केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसण्यास चार महिन्यांपासून एक वर्षापर्यंत अवधि लागतो असें सांगितलें आहे. महिन्याच्या महिन्यास पैसे घेणाऱ्यास एवढा अवधि पुष्कळ झाला.

मालाची ही कथा झाली. माणसाची त्याहून बिकट होती. शेतकरी गाडी घेऊन पेठेंत येई तेव्हां त्याच्या वतीनें माल विकून देणारा तो अडत्या. नांवाला अडत्या शेतकऱ्याचा. पण शेतकरी वर्षांतून एकदां दोनदां येणार, आणि खरेदीदार व्यापारी रोज समोर बसणार. रोजच्या माणसाशीं वाकडें कोण घेईल? त्यांत 'हत्ता' नांवाची एक विलक्षण रीत होती. रुमालाखालीं हात घालून, एकमेकांचीं बोटें दाबून सौदा ठरावयाचा. शेतकरी शेजारीं उभा असून त्याच्याच मालाचा भाव त्यास कळावयाचा नाहीं. मग हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा एकामागून एक वजावटी होऊन जें उरेल तें त्यानें मुकाट्यानें उपरण्याला बांधून घरीं न्यावें. १९२६ सालीं लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत बाजारांतील अशा गैरप्रकारांची दखल घेऊन नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. वऱ्हाडानें हा मार्ग त्यापूर्वींच धरला होता. कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कायदा झाला, १९२७ सालीं मुंबई इलाख्यानें कापूसबाजाराचा कायदा केला, आणि १९६३ सालीं महाराष्ट्र राज्याचा कृषि उत्पन्न बाजाराचा कायदा आला. या सर्व कायद्यांचें मर्म पाहूं गेल्यास दोनच गोष्टी हातीं लागतात : रुमाल काढून टाका, आणि हिशेबपट्टी लेखी द्या. भाजीपाला व फळें यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी हा निर्णय तर २०१६ सालचा. म्हणजे अडत्याचे पैसे कोणी द्यावयाचे, या एका प्रश्नाचा एवढा निकाल लागण्यास कारंजाच्या बाजारानंतर एकशें तीस वर्षें लागलीं.

पेठेंत असा गोंधळ असतां कायद्याच्या पुस्तकांत मात्र उत्तर केव्हांच लिहून ठेवलेलें होतें. १८७२ चा भारतीय करार कायदा घरोघरीं वाचला जाण्यासारखा ग्रंथ नव्हे; तथापि त्याच्या दहाव्या प्रकरणांतील २११ ते २१६ हीं सहा कलमें प्रत्येक व्यापाऱ्यानें एकदां तरी वाचावींत असें आम्हांस वाटतें. मुखत्यारानें धन्याच्या सूचनेबाहेर जाऊं नये. त्या धंद्यांत सामान्यतः जें कौशल्य असावें तें दाखवून मेहनत करावी. मागतांच हिशेब द्यावा. अडचण आल्यास धन्यास कळवून त्याचा विचार घ्यावा. आणि धन्याच्या संमतीवांचून त्याच व्यवहारांत स्वतःचा व्यापार करूं नये, केल्यास धन्यास तो व्यवहार नाकारण्याचा किंवा त्यांतील लाभ मागण्याचा हक्क आहे. एस.ई.ओ. करणारा इसम कायद्याच्या भाषेंत मुखत्यार ठरेल कीं केवळ ठेक्यानें काम करणारा, हें ज्याच्या त्याच्या करारावर अवलंबून राहील, आणि त्याचा वाद वकिलांनीं घालावा. आम्ही हीं कलमें दाखवितों तीं कसोटी म्हणून. दीडशें वर्षांपूर्वींच्या या कसोटीस जो माणूस उतरत नाहीं त्यास काम देण्यापूर्वीं दोन दिवस थांबावें.

आतां वर्तमानपत्रांकडे वळूं. जाहिरातीचा दलाल हा प्राणी अमेरिकेंत १८४० च्या सुमारास जन्मास आला. फिलाडेल्फियाचा व्हॉल्नी पामर हा त्या धंद्याचा आद्य पुरुष मानला जातो (नांवावरून वाचकांनीं कांहीं अनुमान काढूं नये). तो वर्तमानपत्रांच्या वतीनें जागा विकी आणि कमिशन घेई. त्याच्यामागून आलेले दलाल तर पत्रांतील जागा ठोक विकत घेत आणि व्यापाऱ्यास किरकोळीनें, मिळेल त्या भावानें विकत. पत्राचा खप किती, हें पत्र सांगेल तें खरें. जॉर्ज रोवेल यानें १८६९ सालीं अमेरिकन पत्रांची एक सूची खपाच्या आंकड्यांसह छापली तेव्हां संपादकवर्गांत मोठी खळबळ उडाली. पुढें १८७० नंतरच्या दशकांत एयर नांवाच्या पेढीनें असा करार सुरू केला कीं, पत्रास प्रत्यक्ष काय दिलें तें व्यापाऱ्यास उघड सांगावयाचें आणि आपलें कमिशन वेगळें दाखवावयाचें. त्या वेळीं ही गोष्ट क्रांतिकारकच होती. कारण तिच्यामुळें दलाल कोणाचा माणूस, या प्रश्नाचें उत्तर प्रथमच कागदावर आलें.

आपल्याकडे मुंबईस गिरगांवांत १९०५ सालीं बी. दत्ताराम आणि कंपनी ही पेढी निघाली. देशांतील जाहिरातपेढ्यांत ती अगदीं जुन्यांपैकीं गणली जाते. आपल्या पेढ्यांचें कमिशनहि बहुधा पत्रांकडूनच येई, शेंकडा पंधरा हा दर ठरून गेला होता, आणि म्हणून पेढीनें स्वस्त पत्र सुचवावें कीं महाग, हा मोह सदैव उभा असे. १९३९ सालीं वृत्तपत्रांची संस्था स्थापन झाली व पुढें पेढ्यांस मान्यता देण्याची पद्धत पडली. १९४८ सालीं खपाचे आंकडे तपासून प्रसिद्ध करणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आली. यांतील १९४८ ची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. आपला खप आपणच सांगावा हें ज्या दिवशीं बंद झालें त्या दिवशीं जाहिरातीच्या धंद्यास प्रतिष्ठा येऊं लागली. शोधयंत्राच्या धंद्यास अद्याप असा सर्वमान्य तिऱ्हाईत तपासनीस लाभलेला नाहीं; म्हणून त्याचें काम तूर्त व्यापाऱ्यासच करावें लागतें.

प्रामाणिक प्रसिद्धि कशी असते याचें उदाहरण पाहावयाचें तर सोलापूरहून फार दूर जावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना आणला तेव्हां लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांची जाहिरात हा उपाय नव्हता. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीं. पण ती वाचनीय होत गेली, आणि पुढें 'किर्लोस्कर' या नांवानें मराठी मध्यम वर्गाच्या घराघरांत पोंचली. लोक मासिकासाठीं मासिक वाचीत, आणि नांगराचें नांव त्यांच्या ध्यानीं राही. आज एस.ई.ओ. चे जाणते लोक जें 'चांगला मजकूर लिहा, गिऱ्हाईक आपोआप येईल' असें सांगतात, त्याचा हा किर्लोस्करवाडीचा जुना पाठ होय.

शोधयंत्राचा इतिहास लहान आहे, पण या सर्व कथांची त्यांत झपाट्यानें उजळणी झाली आहे. १९९४ सालीं जेरी यांग व डेव्हिड फायलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनीं संकेतस्थळांची जी सूची केली ती 'याहू'. ती माणसांनीं हातानें लाविलेली, ग्रंथपालाच्या सूचीसारखी. स्थळें अफाट वाढलीं तेव्हां यंत्रानें पानें वाचणारीं 'अल्टाव्हिस्टा'सारखीं शोधयंत्रें १९९५ पासून आलीं. यंत्र पानावरील शब्द मोजतें असें दिसतांच लोकांनीं पानांत शब्द कोंबण्यास आरंभ केला. 'चादर' हा शब्द दोनशें वेळां लिहावा, आणि वाचणाऱ्यास त्रास नको म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहावा! गासडीच्या पोटांतील माती ती हीच.

१९९८ सालीं सर्गे ब्रिन व लॅरी पेज यांनीं जी युक्ति काढली ती मुळांत विद्वज्जगांतली आहे. कोणत्या निबंधाचा आधार इतर किती निबंध घेतात यावरून त्याचें वजन मोजण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालच्या आपल्या सूचीनें रूढ केली होती. तोच न्याय संकेतस्थळांस लावून, ज्या पानाकडे दुसऱ्या वजनदार पानांचे दुवे जातात तें पान वजनदार, असें गूगलनें मानलें. सोलापुरी भाषेंत सांगावयाचें तर दुकानदार स्वतःविषयीं काय बोलतो याहून पेठेंतील चार पतदार माणसें त्याच्याविषयीं काय बोलतात हें पाहावयाचें. युक्ति उत्तम होती. परंतु एकमेकांस आधार देण्याची कला आम्हां प्राध्यापकांस जशी चांगली अवगत आहे तशी ती व्यापाऱ्यांसहि लौकरच अवगत झाली, आणि दुव्यांचा बाजार भरला. याच दोघांनीं १९९८ च्या आपल्या निबंधांत असेंहि लिहून ठेवलें होतें कीं, जाहिरातीच्या पैशावर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल साहजिकच जाहिरातदारांकडे झुकेल. दोनच वर्षांनीं त्यांच्याच कंपनीनें जाहिराती घेण्यास आरंभ केला. २००२ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें सर्व शोधयंत्रांस बजावलें कीं, पैसे घेऊन दाखविलेला निकाल कोणता तें गिऱ्हाइकास स्पष्ट कळलें पाहिजे. जाहिरातीवर जो 'प्रायोजित' असा शिक्का दिसतो तो डोळे उघडे ठेवून वाचावा. कारण आजहि कांहीं दलाल व्यापाऱ्याचेच पैसे जाहिरातींत घालून "पाहा, पहिले आलांत" असें दाखवितात. जाहिरात देणें गैर नव्हे. तिला क्रमांक म्हणणें मात्र गैर. शोधाच्या मूळ निकालांतील क्रम गूगल पैसे घेऊन बदलीत नाहीं, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, असें ती कंपनी स्वतःच सांगते. तेव्हां हमी हीच पहिली संशयाची जागा.

२००६ च्या फेब्रुवारींत बी.एम.डब्ल्यू. या मोटारकंपनीचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें आपल्या सूचींतून कांहीं दिवस काढून टाकलें, कारण यंत्रास एक पान आणि माणसास दुसरें पान दाखविण्याची चलाखी तेथें केलेली होती. याहून बोधप्रद प्रकरण २०११ च्या फेब्रुवारीचें. जे. सी. पेनी हें अमेरिकेंतील मोठें दुकान. 'कपडे', 'गालिचे', आणि आमच्या गांवास ज्याचें अगत्य विशेष तो 'अंथरूण-पांघरूण' हा शब्द, अशा कितीएक शब्दांस तें नाताळच्या हंगामांत महिनोन्‌महिने पहिलें येत होतें. न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें शोध केला तेव्हां दिसून आलें कीं, ज्यांचा कापडाशीं सुतराम संबंध नाहीं अशा शेंकडों ओसाड पानांवर या दुकानाचे दुवे पेरून ठेवलेले होते. गूगलनें हस्तक्षेप करतांच एका प्रवासी पेटीच्या बाबतींत तें दुकान दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर गेलें. दुकानानें सांगितलें कीं, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि आपल्या एस.ई.ओ. पेढीस रजा दिली. शिक्षा सुमारें तीन महिने चालली. येथें विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, शिक्षा पेढीस झाली नाहीं, दुकानास झाली. दलालाच्या कृत्याचें फळ धन्याच्या पदरीं पडतें हा पेठेचा जुना नियम यंत्रयुगांतहि कायम आहे. जे. सी. पेनीसारख्या धनाढ्य दुकानानें तीन महिने काढले. पण चार माग असलेल्या कारखानदाराचें नांव दिवाळीच्या तोंडावर नाहींसें झालें तर त्यानें सुताची उधारी कशी फेडावी?

सोलापुरास या बाबतींत एक जास्तीची अडचण आहे, आणि तीच त्याची संधिहि आहे. इंग्रजी अमदानींतील कागदांत या गांवाचें नांव 'शोलापूर' असें पडलें. पुढें 'सोलापूर' झालें. परंतु जुनें रूप लिहिणारे अद्याप आहेत. कोणी 'चादर' लिहितो, कोणी 'चद्दर', रोमन लिपींत तर याचीं आणखी किती रूपें होतात तें मोजावयास नको. त्यांत या शहरांत मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू नित्य बोलली जाते. मागावर बसणारीं पुष्कळ घराणीं तेलंगणांतून आलेलीं. गिऱ्हाईक कोणत्या भाषेंत, कोणत्या अक्षरांत शोध करतें हें ज्यास ठाऊक नाहीं असा दूरदेशींचा दलाल येथें फारसें कांहीं करूं शकणार नाहीं. आम्ही दलाल निवडीत असतों तर त्यास प्रथम एवढेंच विचारलें असतें : सोलापुरी चादर विकत घेणारा माणूस काय लिहून शोधतो, तें सांगा. जाणता माणूस या प्रश्नावर आपणच चार प्रश्न विचारील. माल किरकोळ विकावयाचा कीं घाऊक? चादर जकार्ड मागावरची कीं साधी? वजन काय, लांबी-रुंदी काय, रंग पक्का कीं कच्चा? हैदराबादचा व्यापारी काय विचारतो आणि पुण्याची गृहिणी काय विचारते? अजाणता मात्र ताबडतोब तक्ता काढून दर सांगेल.

शिवाय 'सोलापुरी' हें नुसतें विशेषण राहिलेलें नाहीं. १९९९ चा भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ च्या सप्टेंबरांत अमलांत आला, आणि २००५-०६ या वर्षांत सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींची त्याखालीं नोंद झाली. परगांवीं विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून खपतो ही आमच्या पेठेची जुनी तक्रार आहे. यंत्राच्या सूचींत मात्र खरा कोण आणि तोतया कोण हें नांवावरून ठरत नाहीं. ज्यानें पान नीट मांडलें तो वर. नोंदीचा खरा हक्कदार पानावर आपला पत्ता, आपल्या मागांचीं छायाचित्रें आणि नोंदीचा उल्लेख देण्याचा आळस करतो, आणि तोतया नेमकें तेंच करण्याचें सोंग आणतो. हें दुखणें बरें करणें हें चांगल्या एस.ई.ओ. चें काम आहे. दुवे विकत घेणें हें नव्हे.

खोट्या अभिप्रायांचा मोहहि टाळावा. बक्षीस देऊन किंवा नातेवाइकांकडून पांच तारे लावून घेण्याची प्रथा इतकी बोकाळली कीं, २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोस ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं स्वतंत्र मानक काढावें लागलें, आणि त्याच वर्षीं फसव्या जाहिरातींसंबंधीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचीं मार्गदर्शक तत्त्वेंहि आलीं. "अभिप्राय आम्ही आणून देतों" असें जो म्हणतो तो उद्यां तेच अभिप्राय शेजारच्या दुकानासहि विकणार.

आतां हिशेबाची गोष्ट, कारण रुमाल असतो तो येथेंच. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे ज्यास 'डोमेन' म्हणतात तें, व्यापाऱ्याच्या स्वतःच्या नांवें व स्वतःच्या ईमेलवर नोंदलेलें असावें. दलालाच्या नांवें कदापि नसावें. आमच्या माहितींतील एका कारखानदाराचें हें नांव त्याच्या पेढीनें स्वतःच्या नांवावर नोंदविलें होतें. वाद झाला, नूतनीकरणाची तारीख टळली, आणि दहा वर्षें छापलेल्या पिशव्यांवरील पत्ता निरुपयोगी झाला. दुकानाची पाटी भाड्यानें घेण्यासारखाच हा प्रकार. त्याचप्रमाणें 'गूगल सर्च कन्सोल' म्हणून जी विनामूल्य सोय आहे तिची मालकी व्यापाऱ्याकडे असावी आणि दलालास फक्त प्रवेश द्यावा. कोणत्या शब्दांवर आपलें पान किती वेळां दिसलें, किती वेळां उघडलें गेलें, हें तेथें थेट पाहतां येतें. दलालाच्या रंगीत तक्त्यावर विसंबावें लागत नाहीं. खपाचे आंकडे पत्रानेंच सांगण्याचा जो काळ १९४८ पूर्वीं होता तो पुन्हां आणावयाचा नसेल तर एवढी तसदी घ्यावीच लागेल. तक्त्यांतहि एक हातचलाखी असते ती सांगून ठेवतों. दुकानाचें स्वतःचेंच पूर्ण नांव लिहून शोध करावा, किंवा दुकानाशेजारीं उभें राहून भ्रमणध्वनीवर शोध करावा, म्हणजे तें पहिलें येणारच; कारण यंत्र स्थळकाळ पाहून उत्तर देतें. अशा पहिल्या क्रमांकाचें मोल किती, हें कोणासहि समजण्यासारखें आहे.

करार लेखी असावा, आणि त्यांत महिन्यास काय बदल केले त्याची यादी द्यावी लागेल असें स्पष्ट लिहावें. दुवे मिळविले तर कोठून, तेंहि विचारावें. "हें आमचें गुपित आहे" असें उत्तर आल्यास वाचकांस हत्ता आठवावा. पूर्वीं ज्यांचें काम केलें अशा दोन दुकानदारांचे दूरध्वनी मागावे आणि खरोखरच दूरध्वनी करावा. पुष्कळ लोक मागतात, करीत कोणीच नाहीं. एकाच मालाच्या दोन प्रतिस्पर्ध्यांचें काम ही पेढी घेते काय, हेंहि विचारून ठेवावें, म्हणजे २१५ व्या कलमाच्या मागचा हेतु कळून येईल. आणि आरंभीं वर्षाचे पैसे एकदम देऊं नयेत. प्रथम संकेतस्थळाची एकवार तपासणी करून लेखी दोष दाखविण्यापुरतें काम द्यावें, त्याचे वेगळे पैसे मोजावे, आणि तो कागद वाचून माणूस ओळखावा. ज्यास दोष मराठींत किंवा साध्या इंग्रजींत समजावून सांगतां येत नाहींत त्यास ते बहुधा दिसलेलेच नसतात.

अलीकडे या पेठेंत आणखी एक पालट झाला आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून गूगलनें भारतांत, शोधाच्या निकालांच्या माथ्यावर यंत्रानेंच रचलेलें उत्तर देण्यास सुरुवात केली, आणि त्याबरोबर "त्या उत्तरांत तुमचें नांव आणून देतों" असें सांगणारेहि उभे राहिले. उत्तर तेथल्या तेथें वाचून गिऱ्हाईक पान न उघडतांच निघून जातें असें आतां होऊं शकतें. म्हणून पेढीकडून येणाऱ्या मासिक हिशेबांत पान किती वेळां दिसलें, किती वेळां उघडलें, आणि त्यांतून चौकशी किती व प्रत्यक्ष मागणी किती आली, हे चार आंकडे वेगवेगळे मागावे. पहिले दोन यंत्राकडून मिळतात, पुढचे दोन दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसासच लिहून ठेवावे लागतात, आणि त्यासाठीं गिऱ्हाइकास "आपणांस आमचें दुकान कोठें सांपडलें?" एवढें विचारणें पुरतें.